स्वर्ग दोन बोटं

माणसाची सगळी धडपड वर जाण्यासाठी असते. घराचं जोतं भावकीतल्या घरांपेक्षा वीतभर उंच हवं, लग्नात खुर्ची मांडवात नको, स्टेजवर हवी, आणि हल्ली मोटार घ्यायची तर अशी की आत शिरताना दारावरच्या कडीला धरून लोंबकळावं लागेल. रस्त्यावर ज्याचं बूड उंच, त्याला वाट आधी मिळते. अशा काळात आपली चांगली चालती मोटार होती त्याहून खाली आणण्यासाठी पदरचे पैसे मोजणारा एक लहानसा पंथ आहे. माझा भाचा त्या पंथातला. आणि हा पंथ पाळायला त्याने जागा निवडली आहे बंगळूर. तिथे रस्त्यात खड्डा नसला की हमखास गतिरोधक असतो.

भाच्याची गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी, दुसऱ्याच्या हातची. तो तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. दारं चार आहेत, मागच्या डिकीत माझ्या अक्काने गावाहून आणलेलं ज्वारीचं पोतं निवांत मावतं, तरी स्पोर्ट्स कार. मी वाद घालत नाही. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 अश्वशक्ती आणि सात गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा एवढ्या भांडवलावर तरुण माणसाने स्वतःला काय म्हणवून घ्यावं हा त्याचा प्रश्न. ही गाडी आपल्या चाकणला बनायची. 2022 साली ती बनायची थांबली आणि तेव्हापासून तिचे मालक तिच्याविषयी बोलताना आवाज जरा खाली घेतात.

खरीखुरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे झालीच नाही असं मात्र नाही. 1998 साली गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी निघाली होती. फायबरची बॉडी, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. तिच्यामागची मूळ कंपनी बंगळूरची आणि तिचा जुना धंदा रेल्वेची लहान इंजिनं बनवण्याचा. माझा असा कयास आहे की ज्यांचा जन्म रुळांवर चालणाऱ्या वस्तू बनवण्यात गेला, त्यांना खड्डा ही गोष्ट फारशी ठाऊकच नसणार. त्याशिवाय या देशात स्पोर्ट्स कार काढायचं धाडस होत नाही. ती गाडी फार खपली नाही. अधूनमधून कुणीतरी तिचा फोटो पाठवतं आणि खाली विचारतं, ही परदेशातली का?

तर पोलो. या पंथातले लोक टायर आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्यातलं अंतर बोटांनी मोजतात. टायरवर हात आडवा ठेवायचा आणि किती बोटं आत जातात ते पाहायचं. भाच्याच्या गाडीला चार बोटं जात. पंथाच्या मते हे लाजिरवाणं. त्याला दोन हवी होती. दोन बोटं झाली की स्वर्ग तेवढाच उरतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. गंमत अशी की ही चार बोटं मुद्दाम घातलेली आहेत. भारतातले रस्ते पाहून कंपनीने इथली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच केली, पोटाखाली 168 मिलिमीटरची मोकळी जागा ठेवली. जर्मन इंजिनिअरांनी डोकं लावून जी वर उचलली, ती भाचा लाखभर रुपये खर्चून परत जर्मनीत नेऊन ठेवणार होता.

हे लाखभर रुपये मागायला त्याला नगरतपेटेत जावं लागलं. मी त्या दिवसांत अक्काकडे राहायला होतो, म्हणून साक्षीदार म्हणून मलाही घेतलं. दाजींचं, म्हणजे अक्काच्या यजमानांचं, गलाईचं दुकान तिथे आहे, चिकपेटेला अगदी खेटून. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. पाऊस नाही, शेती पिकत नाही, मग पोरगं थोडं जाणतं झालं की कुणा पाव्हण्याच्या हाताखाली परमुलखात भट्टीवर बसवायचं. जुने दागिने आटवायचे, तेजाबात घालून शुद्ध करायचे, टंच काढायचा, लगड हातात द्यायची. कुठल्याही राज्यात सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरा. मुशीची धग लागली की आतून माणदेशी मराठी ऐकू येते. दाजी असेच बंगळुरात आले आणि आता कानडी इतकं छान बोलतात की मराठी बोलताना मध्येच कानडीत हिशेब करतात.

चिकपेटेत कुणी शहाणा माणूस गाडी घेऊन जात नाही. आम्हीही मेट्रोने गेलो. 2017 साली हा जमिनीखालचा मार्ग सुरू झाला आणि चिकपेटेच्या पोटात स्टेशन आलं. सरकत्या जिन्याने वर येताना मी भाच्याला म्हणालो, या भागातली सगळ्यांत खाली केलेली गाडी ही, आणि तिला एकही खड्डा लागत नाही. तो हसला नाही. पंथातल्या माणसांना पंथावरचे विनोद आवडत नाहीत.

वर आलं की रेशमी साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन धावणारे हमाल, हातगाड्या, टेम्पोरिक्षा, त्यांच्यामध्ये अडकलेली एखादी स्कूटर आणि तिच्यावर संतापाने लाल झालेला गृहस्थ. या गर्दीत कुठेतरी शहाजीराजांचा गौरी महाल होता असं सांगतात. 1638 साली केंपेगौडांकडून बंगळूर आदिलशाहीकडे गेलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. राजांचा इथे मोठा दरबार होता. महालाची आता वीटही दिसत नाही. त्या जागी कोण बसलंय म्हणाल तर शर्टाच्या अस्तराचं कापड विकणारे. त्यांच्याकडे पत्ता विचारला तर ते तीन भाषांत सांगतात आणि तिन्हीत चुकीचा सांगतात.

दाजी भट्टीसमोरच होते. भाच्याने मोबाईलवर फोटो दाखवला: चार उभ्या नळ्या, झळझळीत रंगाच्या स्प्रिंगा, खाली सोनेरी कडी.

“ह्यो काय नवा दागिना?” दाजींनी विचारलं.

“पप्पा, कॉइलओव्हर हाय. शॉकअप.”

“गाडीचं शॉकअप गेलं?”

“गेलं न्हाई. चांगलं हाय.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर देणं अवघड होतं आणि भाच्याने ते यंत्रशास्त्रात दिलं. मलाही तेव्हाच नीट समजलं, म्हणून सांगतो. मोटारीचं वजन स्प्रिंग पेलते. खड्डा आला की ती दबते, पण दबली की ती उसळणार. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका खड्ड्याचा धक्का पुढचे तीन चौक पुरेल. ती उसळी आवरायला शॉकअप. त्यात तेल असतं, एक दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि त्यांवर पोलादी चकत्यांच्या पातळ झडपा. तेल त्या झडपांतून रडतखडत जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. कॉइलओव्हरमध्ये शॉकअपच्या नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात. स्प्रिंग ज्या कड्यावर बसते ते कडं त्या आट्यांवर फिरवून खाली-वर करायचं, की गाडी खाली-वर होते. पोलोच्या मागच्या बाजूला तर स्प्रिंग आणि शॉकअप मुळातच वेगवेगळ्या जागी असतात. त्यामुळे चारांपैकी खरे कॉइलओव्हर दोनच, पैसे मात्र चारांचे. ही शेवटची गोष्ट भाचा वडिलांना सांगणार नव्हता. मी सांगितली.

दाजींनी फोटो बोटांनी मोठा केला. “आटं दिसत्यात, कडं दिसतंय, रंग झ्याक हाय. आत काय हाय?”

चाळीस वर्षं सोनं आटवलेला माणूस हाच प्रश्न विचारणार. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक दागिना बाहेरून बावीस कॅरेटच असतो. आणि स्वस्त कॉइलओव्हर घेणाऱ्याने विचारायला हवा असा प्रश्नही हा एकच आहे, असं मी नंतर जेवढं वाचलं-ऐकलं त्यावरून म्हणतो. आटे पाडणं, कडी फिरवणं, रंग देणं ही कामं स्वस्त आहेत. महाग आहे ते आतलं: दट्ट्या किती काटेकोर बसतो, झडपेच्या चकत्या एकसारख्या आहेत का, तेल तापल्यावर पातळ होऊन पळतं का, सील एका पावसाळ्यात गळायला लागतं का. यातलं काहीही फोटोत येत नाही. फोटोत येतो तो शॉकअपच्या डोक्यावरचा गोल खटका. तीस खटके, असं अभिमानाने लिहिलेलं असतं. म्हणजे कडकपणाच्या तीस पायऱ्या. चांगल्या मालात प्रत्येक खटक्याला काहीतरी फरक पडतो. भिकार मालात पहिले पाच खटके सगळा फरक खातात आणि उरलेले पंचवीस मनाच्या समाधानासाठी असतात. पण गिऱ्हाइकाला तीस ऐकायला बरं वाटतं. ते घरी नेऊन एकदा पंधरावर ठेवतं आणि जन्मभर हात लावत नाही.

त्या आठवड्यात भाच्याबरोबर मी पुष्कळ हिंडलो. चिकपेटेतून जुन्या बाजारपेठांतून खाली कलासीपाळ्याकडे जावं, तिथून जे. सी. रोडला लागावं. टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारीचं जे जे काही मोटारीशिवाय मिळू शकतं ते सगळं मिळतं. सीटची कव्हरं, दिवे, भोंगे, जुने आरसे, कुणाच्या तरी अपघाती गाडीचा पूर्ण जबडा. दुकानदार उर्दूत बोलतात, भाव कानडीत सांगतात, आणि गिऱ्हाईक निघालं की हिंदीत परत बोलावतात.

एका गॅरेजवाल्याने सगळ्यांत स्वस्त उपाय सांगितला. आहे त्याच स्प्रिंगा काढायच्या, गॅस कटरने दीड-दीड आटा उडवायचा, परत बसवायच्या. चहा होईस्तोवर काम झालं, पैसेही चहाच्या आसपासचे. भाचा मोहात पडलेला मला स्पष्ट दिसला. रात्री जेवताना हे दाजींच्या कानावर घातलं तर त्यांनी भाकरी खाली ठेवली. “आगीनं पाणी उतरतं पोलादाचं. येडा हायेस का?” त्यांना मोटारीतलं काही कळत नाही, पण धातूला आग लावली की काय होतं हे कळायला मोटार लागत नाही. शिवाय कापलेली स्प्रिंग मऊ होत नाही, उलट कडक होते; आटे कमी झाले की तेवढ्याच वजनाला ती कमी दबते. आणि कापलेलं टोक आपल्या बैठकीत बसत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग जागा सोडते आणि मग ती कुठे परत बसेल हे तिच्या मर्जीवर.

दुसरा उपाय नुसत्या बुटक्या स्प्रिंगांचा. चांगल्या कंपनीच्या वीस-तीस हजारांत येतात, गाडी इंचभर खाली येते, कंपनीचे शॉकअप तेच राहतात. मला विचाराल तर इथेच थांबावं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि इंचभर म्हणजे बोट-सव्वा बोट. स्वर्ग अडीच-तीन बोटांवर राहिला असता.

तिसरा उपाय वापरलेले कॉइलओव्हर. असे संच बंगळुरात फिरत असतात, कारण दर वर्षी या पंथातल्या काहीजणांची लग्नं होतात. एक संच आम्ही पाहिला. विकणारा फार सज्जन मुलगा होता, पाणी दिलं, बिस्किटं दिली. नळीवरचे आटे गंजून कडं जागीच चिकटलेलं. हवं तसं खाली-वर होणारं सस्पेन्शन ज्या उंचीवर त्याने सोडलं त्याच उंचीवर कायमचं थांबलेलं होतं. शॉकअपच्या मानेशी तेलाचा ओलावा. भाचा हळूच म्हणाला, “मामा, गळतंय.” तो मुलगा म्हणाला, ग्रीस आहे. आम्ही बिस्किटं संपवून निघालो.

मग उरला नवा माल. यातही जाती आहेत. तैवानच्या बीसी रेसिंगसारख्या कंपन्यांचे संच लाखाच्या आगेमागे, जर्मनांचे त्याहून पुढे. जर्मनांमध्ये बिलस्टाइन हे जुनं घराणं, 1873 पासूनचं. सुरुवात खिडक्यांच्या बिजागऱ्या-कड्या बनवण्यापासून केली आणि 1957 साली मर्सिडीजसाठी दाबलेला वायू भरलेला एका नळीचा शॉकअप काढला. सगळ्यांच्या वर स्वीडनचे ओहलिन्स. त्यांचा संच आयातीचा कर धरून तीन लाखांच्या घरात जातो असं दुकानदाराने सांगितलं, तेव्हा मला चिकपेटेचा इतिहास आठवला. 1687 साली मुघल सरदार कासिमखानाने भोसल्यांकडून बंगळूर घेतलं आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांना देऊन टाकलं. किंमत, तीन लाख रुपये. गावाच्या तटबंदीसकट, पेठांसकट, तळ्यांसकट. आता तेवढ्यात चार शॉकअप येतात, आणि तेही बसवायची मजुरी वेगळी.

“स्वस्तातला कसा ओळखायचा?” मी दुकानदाराला विचारलं. तो पंथातला नव्हता, धंद्यातला होता, म्हणून खरं बोलला. उंची दोन तऱ्हांनी कमी करता येते. एका तऱ्हेत फक्त स्प्रिंगखालचं कडं खाली न्यायचं. कमी केलं तर ठीक, फार केलं तर चाक लोंबल्यावर स्प्रिंग सैल होऊन खडखडते आणि दट्ट्याला दबायला जागा उरत नाही. रबराच्या गट्टूवर आदळत राहतो. दुसऱ्या तऱ्हेत नळीचा बुडखाच आत-बाहेर होतो, त्यामुळे उंची बदलली तरी स्प्रिंग आणि दट्ट्या आपल्या जागी. स्वस्तात हवं असेल तर निदान हे दुसरं पाहा. आणि, हे त्याने आवाज उतरवून सांगितलं, सुटे भाग मिळतात का ते पाहा. सील गेलं तर इथेच दुरुस्त करून देणारा कुणी आहे का. नाहीतर दोन वर्षांनी हीच वस्तू विकायला काढशील आणि लोकांना बिस्किटं खायला घालशील.

भाचा स्प्रिंगच्या कडकपणाविषयी विचारत होता. पुढे सहा किलोची स्प्रिंग, म्हणजे एक मिलिमीटर दबायला सहा किलो वजन लागणार. कंपनीची याच्या निम्म्याहून कमी असते. एवढी कडक कशाला? तर गाडी खाली आली म्हणजे दबायला जागाच कमी उरली, तिला तेवढ्यात थांबवायला कडक लागते. शिवाय पुढच्या चाकाचा खालचा आडवा हात गाडी खाली केल्यावर वर झुकतो आणि वळणावर गाडी कलण्याची जी खोड कमी व्हायला हवी ती उलट वाढते. ती दाबायला आणखी कडक. म्हणजे आधी खाली करायची, त्यातून जे बिघडेल ते कडक करून झाकायचं. हे ऐकताना मला आपल्याकडचे काही संसार आठवले, पण भाच्याचं अजून लग्न व्हायचं होतं म्हणून बोललो नाही.

कायद्याचा विषय मी काढला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने जशी बनवली त्यात मालकाने मनमानी बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय केली. भाच्याचं तोंड पडलं. दाजींनी मात्र एवढंच विचारलं, “चार चाकं म्हंजे चार बदल धरत्यात का एक?” धंदेवाईक माणूस कायद्यातही घाऊक भाव शोधतो.

कायद्याच्या अशाच कटकटीतून पूर्वी कॅलिफोर्नियात एक अख्खी कला उगवली. तिथल्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली करून रुबाबात संथ फिरवत. 1958 पासून तिथे कायदा आला की चाकाच्या रिंगच्या खाली गाडीचा कुठलाही भाग येता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अगीरे नावाच्या पठ्ठ्याने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी सभ्यपणे वर. पोलीस वळला की खाली. मनाजोगं खाली-वर होणारं सस्पेन्शन तिथे पोलिसाच्या धाकाने जन्मलं हे मला फार आवडलं. आमच्या अक्कालाही आवडलं. ती म्हणाली, म्हंजे लाज वाटायला लागली की वर करता येती, न्हाई का.

दाजींनी शेवटी पैसे दिले. मधल्या तऱ्हेचा तैवानी संच आला. जाड खोक्यात होता आणि नगरतपेटेच्या बोळात रिक्षा शिरेना म्हणून एका हमालाने तो डोक्यावरून आणला, स्प्रिंगांशिवाय, एकही धक्का न देता. दाजींनी खोकं फोडून एक नळी हातात घेतली, दट्ट्या दाबला, सोडला, परत दाबला. कानाशी नेऊन ऐकला. मग चारही नळ्या एकेक करून तशाच तपासल्या आणि त्यांतली एक वेगळी काढून म्हणाले, “ही सावकाश वर येती.” दुकानदाराने ती बदलून दिली. त्याने विचारलं, तुम्ही गाड्यांच्या लाइनमध्ये का? दाजी म्हणाले, सोन्याच्या.

गाडी खाली आली. दोन बोटं. खरं सांगतो, दिसायला देखणी दिसायला लागली. उभी असली तरी आता निघेल अशी. मी पंथात जाणार नाही, पण त्या दिवशी बाल्कनीतून तिच्याकडे बराच वेळ बघत होतो.

चालवणं हा वेगळा विषय. गतिरोधकाला आपल्याकडे नियम आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 सालच्या मापात तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे पंचवीसच्या वेगाने सहज ओलांडता येईल असा. तसा गतिरोधक मला बंगळुरात आढळला नाही, गावाकडे तर नाहीच. आपल्याकडे गतिरोधक घालतो तो ज्याच्या दारात नुकताच अपघात झालेला असतो तो, आणि तो माप घेत नाही, सूड घेतो. भाचा अशा उंचवट्यावर गाडी तिरपी घालायला शिकला. एकेक चाक चढवायचं, एकेक उतरवायचं. मागे सगळी वाहनं खोळंबायची. तो काच खाली करून कानडीत म्हणायचा, “स्वल्प ॲडजस्ट माडी,” आणि या शहराची महती अशी की लोक खरंच ॲडजस्ट करायचे. तरीही चार माणसं बसली की चेंबर घासायचा. मग मागच्या सीटवरच्यांनी उतरायचं. एका रविवारी बळेपेटेत उडुपी श्रीकृष्ण भवनात सागू मसाला डोसा खायला निघालो, मेट्रोने जाऊ म्हटलं तर भाचा ऐकेना. वाटेत अक्का प्रत्येक उंचवट्याला उतरत होती, पर्स सांभाळत पलीकडे चालत जात होती आणि परत बसत होती. तिसऱ्यांदा उतरल्यावर ती बसलीच नाही. “आरं, मला गाडीत बसीवलंस का गाडीपुढं पळीवतोस?” असं म्हणून रिक्षा केली आणि आमच्या आधी डोसा मागवून बसली.

सस्पेन्शन कशासाठी, याचं मला पटलेलं उत्तर फ्रेंचांनी दिलं आहे. सित्रोएनच्या टू-सीव्हीचा आराखडा करताना मागणी अशी होती म्हणे की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटू नये. 1948 साली ती लोकांपुढे आली तेव्हा तिच्या रूपाला लोक हसले, पण शेतकऱ्यांनी ती चार दशकं वापरली. आमच्या विट्याकडे पोल्ट्र्या पुष्कळ. तिथल्या कुणाला भाच्याच्या गाडीतून अंडी न्यायची झाली तर मुक्कामी ऑम्लेटच पोहोचेल.

पुढे गावची यात्रा आली. गलाईवाला कुठल्याही मुलखात असो, यात्रेला गावी येतो, आणि रिकाम्या हाताने येत नाही, गाडीने येतो. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, निपाणी करत कोल्हापूरपर्यंत महामार्ग सरळ. तिथून आत वळलं की रस्ता आपल्या मूळ स्वभावावर येतो. निघायच्या आदल्या दिवशी भाच्याने गाडी गॅरेजात नेली, अर्धगोल पान्याने चारही कडी फिरवली, परत अलाइनमेंट करून घेतली आणि गाडी वर घेतली. किती वर? मी हात घातला. चार बोटं.

यात्रेच्या दिवशी देवळामागच्या पटांगणात गाड्या लागल्या होत्या. चेन्नईच्या, कोईमतूरच्या, इंदूरच्या, गुवाहाटीची एक, सगळ्या उंच उंच. भाच्याच्या गाडीभोवती चुलत भावांचा घोळका जमला. एकजण मातीत आडवा होऊन चाकाच्या कमानीत मोबाईलचा उजेड मारून बघत होता.

“लय भारी दिसतंय की रं आत. कितीला पडलं?”

भाच्याने आकडा सांगितला. घोळका थोडा मागे सरला आणि परत पुढे आला.

“मग खाली किती झाली?”

“हवी तेवढी होती.”

“बगू की मग. कर खाली.”

“आता न्हाई,” भाचा म्हणाला, “रस्ता खराब हाय.”